जपानी 'बा' आणि आपला 'तर'

मे २०२३. आम्हांला तोक्योत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मुलगी साडेतीन वर्षांची, एप्रिलपासून योचिएनमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागली होती. बालवाडीची बाई आणि घरचे लोक यांच्यात इथं एक छोटी वही फिरत असते. तिला रेन्राकुचो म्हणतात. सकाळी आपण मुलाच्या दप्तरात ती ठेवायची, ताप वगैरे असेल तर लिहायचं, आणि दुपारी बाईंनी दिवसभराचं काही सांगण्यासारखं असेल तर लिहून परत पाठवायचं.

त्या दिवशी वहीत एकच ओळ होती. 'मादा नाकु हि मो आरेबा, गेन्कि नि आसोबु हि मो आरिमासु.'

यातला एकही शब्द मला नवा नव्हता. मादा म्हणजे अजून, नाकु म्हणजे रडणं, हि म्हणजे दिवस, आसोबु म्हणजे खेळणं. आणि आरेबा? ते तर मी सांगलीत असतानाच घोकलं होतं. 'आरु' म्हणजे असणं, त्याला 'बा' लागून 'आरेबा' झालं, म्हणजे 'असेल तर'. डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याला जाऊन जपानी भाषेची एन-४ची, म्हणजे पाच पातळ्यांतली खालून दुसरी, परीक्षा दिली, तेव्हा या 'बा'ची पानंच्या पानं लिहिली होती. वेळ असेल तर, पैसा असेल तर, पाऊस असेल तर.

म्हणून मी वाचलं ते असं: 'अजून रडण्याचा दिवसही असेल तर, मजेत खेळण्याचा दिवसही आहे.' रडली तरच खेळते? की रडण्याचे दिवस असेच राहिले तर पुढं काही करावं लागेल, असं बाई सुचवतायत? नवऱ्याला दाखवलं. त्याचं ऑफिसातलं काम इंग्रजीत चालतं, जपानी माझ्याइतकंच. त्यानंही 'असेल तर' असंच वाचलं. रात्री वही उशाशी घेऊन मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. माझी मुलगी मला न दिसणाऱ्या एका खोलीत कुणाला न कळणाऱ्या मराठीत रडते आहे, आणि तिच्याबद्दल जे लिहून आलंय ते मला कळत नाही, हे फार जिव्हारी लागलं.

मंगळवारी सकाळी आमच्या एदोगावा भागातल्या एका सभागृहात जपानी शिकवणारा स्वयंसेवकांचा वर्ग भरायचा. चहापाण्याचे १०० येन, बाकी फी नाही. तोक्योत जवळपास प्रत्येक भागात असे वर्ग असतात, आणि परदेशातून आलेल्या गृहिणींना त्यांचा केवढा आधार आहे हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. आम्हांला शिकवणाऱ्या सेन्सेई सत्तरी ओलांडलेल्या. हायस्कुलात कोकुगो, म्हणजे जपानी मुलांना जपानी, शिकवून निवृत्त झालेल्या. मी सांगलीत आठ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे एका वेगळ्याच आपुलकीनं पाहिलं होतं. दोघींचा धंदा एकच, आपलीच भाषा आपल्याच मुलांना शिकवायचा.

वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ओळ वाचली आणि हसून म्हणाल्या, बाईंनी किती छान लिहिलंय. मग माझा चेहरा बघून थांबल्या. 'आरेबा' वर बोट ठेवून म्हणाल्या, हा 'मोशि'वाला 'बा' नाही. 'मोशि' म्हणजे जर. हा 'नाराबेरु' करणारा 'बा' आहे. नाराबेरु म्हणजे रांगेत मांडणं, शेजारी शेजारी ठेवणं. त्यांनी टेबलावरचे दोन कप उचलले आणि एकमेकांना लावून ठेवले. हा रडण्याचा दिवस, हा खेळण्याचा दिवस. दोन्ही आहेत.

म्हणजे ओळीचा अर्थ एवढाच होता: अजून रडायचे दिवस असतात, तसे मजेत खेळायचेही दिवस असतात. बाईंनी मला धीर दिला होता आणि मी रात्रभर तो धमकीसारखा वाचत होते.

त्या दिवसापासून 'मो... बा... मो' ही रचना माझ्या डोक्यात बसली. काही पुस्तकं तिला एन-३ मध्ये घालतात, काही एन-२ मध्ये. २०१० साली परीक्षेचं स्वरूप बदलून चारच्या पाच पातळ्या झाल्या, त्यानंतर कुठल्या पातळीला कुठलं व्याकरण याची अधिकृत यादी काढणं बंद झालं, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाचा हिशेब वेगळा. माझ्यासाठी पातळीचा प्रश्न नव्हता. मला ती ओळ वाचता आली पाहिजे होती.

आधी सोपा भाग सांगते, कारण तिथं मराठी माणसाला खरोखरच माहेर भेटतं. 'मो' म्हणजे आपला 'ही'. नुसत्या अर्थानं नव्हे, वागण्यानंसुद्धा. आपण 'घरात' म्हणून झाल्यावर 'घरातही' म्हणतो, विभक्तीच्या मागून 'ही' येतो. जपानीतही 'इए नि' झाल्यावर 'इए नि मो'. 'दारे' म्हणजे कोण, आणि 'दारे मो इनाइ' म्हणजे कोणीही नाही. 'नानि' म्हणजे काय, आणि 'नानि मो नाइ' म्हणजे काहीही नाही. 'आमे गा फुत्ते मो' म्हणजे पाऊस आला तरीही. प्रश्नार्थक शब्दाला 'ही' लावून नकार करायचा आणि 'तरी'ला 'ही' लावून विरोध दाखवायचा, ही दोन्ही कामं हजारो मैलांवरची ही भाषा त्याच एका अक्षराकडून करून घेते. शाळेत शुद्ध शब्दयोगी अव्ययं शिकवताना मी 'ही, च, पण, देखील, सुद्धा' असं फळ्यावर लिहायचे. सामान्यरूप न होता शब्दाला जोडली जातात ती, एवढं सांगून पुढं जायचे. त्या 'ही'मध्ये एवढं बघण्यासारखं आहे हे मला एदोगावातल्या सभागृहात कळलं. शेजारी बसणारी नेपाळी बाई म्हणाली, आमच्याकडे 'पनि'. पैसा पनि छैन, समय पनि छैन. सेन्सेईंनी लगेच तेच जपानीत लिहिलं: 'काने मो नाकेरेबा, हिमा मो नाइ.' पैसाही नाही आणि सवडही नाही. वर्गातल्या सगळ्याच बायकांनी मान डोलावली.

रूपं बनवणं हा घोकायचा भाग, तो मी भराभर केला. क्रियापदाचा शेवटचा स्वर 'ए' होऊन 'बा' लागतो: 'हानासु'चं 'हानासेबा', 'उताउ'चं 'उताएबा'. 'इ'नं संपणाऱ्या विशेषणाचं 'केरेबा': 'यासुइ' म्हणजे स्वस्त, त्याचं 'यासुकेरेबा'. दुसऱ्या जातीची विशेषणं आणि नामं यांना 'नारा'. 'कोनो मिसे वा नेदान मो यासुकेरेबा, आजि मो इइ.' हे दुकान किमतीलाही स्वस्त आणि चवीलाही छान. पाठ झालं. वहीत सत्तर वाक्यं झाली.

पण कान ऐकेना. लिहिताना बरोबर यायचं, आणि वाचताना 'बा' आला की मनात 'जर' उभा राहायचाच. किंमत स्वस्त असेल तर चव छान आहे. डोक्यानं सांगायचं, इथं अट नाही, यादी आहे. तरी दर वेळी आधी अट दिसायची, मग मी ती पुसायची, मग यादी मांडायची. एवढ्यात समोरचा माणूस पुढच्या वाक्याला गेलेला असायचा. जे रूप एन-४ला 'जर' म्हणून हाडीमाशी खिळलं होतं, तेच रूप आता 'जर' नाही हे मान्य करायला मन तयार नव्हतं. मला कारण हवं होतं. वर्गात मी विचारलं, अट दाखवणारं रूपच यादीला का घेतलं?

असा प्रश्न विचारला की बरेच शिक्षक म्हणतात, असंच असतं, पाठ करा. मीही पोरांना असं म्हटलेलं आहे. या सेन्सेई मात्र उठल्या आणि पांढऱ्या फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'आराबा' आणि 'आरेबा'. त्यांच्या तरुणपणी शिकवलेल्या जुन्या जपानीचा, कोतेनचा, तास सुरू झाला. जुन्या भाषेत 'असेल तर' म्हणायला 'आराबा' होतं. 'आरेबा' वेगळं होतं: 'आहे म्हणून', 'आहे तेव्हा', 'आहे तसं'. त्या रूपाचं व्याकरणातलं नावच 'इझेन-केइ', म्हणजे 'आधीच तसं असलेलं' रूप. पुढं भाषा बदलत गेली, 'आराबा' मागं पडलं आणि 'जर'चं काम 'आरेबा'च्या गळ्यात पडलं. तेव्हा शाळेच्या व्याकरणात आधुनिक भाषेपुरतं त्याचं नावही बदललं, 'कातेइ-केइ', गृहीत धरण्याचं रूप. पण यादी मांडताना हे रूप अजून आपल्या जुन्या घरात राहतं, असं त्या म्हणाल्या. तिथं काहीच गृहीत धरलेलं नाही, जे आहे ते आहे.

मग त्यांनी एक म्हण लिहिली. 'सुतेरु कामि आरेबा हिरोउ कामि आरि.' टाकून देणारा देव असतो, तसा उचलून घेणारा देवही असतो. यात 'मो' नाही, शेवटी 'आरु'ऐवजी जुनं 'आरि' आहे, बाकी घडण तीच. मी वहीत ती म्हण लिहिली आणि खाली 'इझेन' दोनदा अधोरेखित केलं. नव्या देशात, नव्या भाषेत, नोकरी सोडून आलेल्या बाईला अशी म्हण कुणी फळ्यावर लिहून दिली तर ती व्याकरणापुरती राहत नाही.

कारण कळलं. कान तरीही पूर्ण वळला नव्हता. तो वळला सांगलीहून आलेल्या फोननं.

जून महिना. इथं त्सुयु, म्हणजे पावसाळी ओल, सुरू झाली होती. तिकडं सांगलीत नुकता पाऊस लागला होता. आई म्हणाली, "कसलं काय अगं, कधी ऊन तर कधी पाऊस, धुणं वाळत घालायची सोय नाही."

मी स्वयंपाकघरात उभी होते. म्हटलं, "आई, परत म्हण."

"काय परत म्हणू?"

"आत्ता म्हणालीस ते. कधी ऊन..."

"कधी ऊन तर कधी पाऊस. ऐकू येत नाही का गं नीट?"

ऐकू येत होतं. जन्मभर ऐकत होते, पण तो 'तर' मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. 'तर' म्हणजे जर-तरमधला तर, संकेतबोधक उभयान्वयी अव्यय, असं मीच शिकवलं होतं. आलास तर जेवू. आणि तोच 'तर' इथं अट न घालता यादी मांडतो आहे. कधी ऊन तर कधी पाऊस. कोणी गातंय तर कोणी नाचतंय. एक बहीण सांगलीत तर दुसरी मिरजेत. ऊन असेल तरच पाऊस पडेल, असं यातून कुणा मराठी माणसाच्या मनात स्वप्नातसुद्धा येणार नाही. 'हारे नो हि मो आरेबा, आमे नो हि मो आरु.' आईचंच वाक्य. आणि आपला 'तर' आला कुठून? संस्कृतातल्या 'तर्हि'पासून, ज्याच्यात 'तेव्हा' हा अर्थ आहे. म्हणजे तिकडं 'आहे तेव्हा' सांगणारं रूप 'जर'च्या कामाला लागलं, आणि आपल्याकडं 'तेव्हा' सांगणारा शब्द जर-तरच्या जोडीत जाऊन बसला. दोघांनीही यादी मांडायचं काम सोडलं नाही.

ज्या अर्थाला मी महिनाभर बाहेरून धडका देत होते, तो माझ्या घरातच होता. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की भात करपला.

पुढच्या मंगळवारी मी हे सेन्सेईंना सांगितलं. माझ्या तुटक्या जपानीत, कागदावर बाण काढून. त्यांनी 'तर' हा शब्द काताकाना लिपीत आपल्या वहीत लिहून घेतला आणि मला दोन-तीनदा म्हणायला लावला. एका निवृत्त जपानी शिक्षिकेच्या वहीत आपला 'तर' लिहिला गेला, याचा मला अजून अभिमान वाटतो.

मात्र ही जोडी पूर्ण जुळत नाही, आणि इथं सावध राहावं लागतं. मराठीचा 'तर' वाटणी करतो: कधी हे तर कधी ते, कोणी असं तर कोणी तसं. एकाच माणसाचे दोन गुण तो एकावर एक रचत नाही. 'ती हुशारही आहे तर प्रेमळही' असं आपण म्हणत नाही, 'हुशारही आहे आणि प्रेमळही' म्हणतो. जपानी 'बा' दोन्ही करतो. दिवसांची वाटणीही करतो आणि 'आतामा मो योकेरेबा सेइकाकु मो इइ', डोक्यानंही छान आणि स्वभावानंही छान, अशी चळतही रचतो. म्हणून वाटणीच्या वाक्यांना मी मनात 'तर' लावायला लागले आणि चळतीच्या वाक्यांना 'ही... नि वर... ही'. तेव्हापासून 'जर' उभा राहायचा थांबला.

डिसेंबर २०२३ ला एन-३ झाली. त्यानंतर सेन्सेईंनी आम्हांला साकुबुन, म्हणजे निबंध, लिहायला लावले. ४०० चौकोनांचा कागद, एका चौकोनात एक अक्षर. विषय होता 'माझं घर'. मी मोठ्या हौशीनं लिहिलं: 'उचि नो आपातो वा एकि मो चिकाकेरेबा, याचिन मो ताकाइ.' आमच्या घरापासून स्टेशनही जवळ आहे आणि भाडंही जास्त आहे. निशि-कासाई स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही भारतीय कुटुंबाला विचारा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सेन्सेईंच्या लाल पेननं वाक्याच्या मधोमध एक रेघ आली. रूपं सगळी बरोबर होती. त्या म्हणाल्या, 'एकि मो चिकाकेरेबा' इतकं वाचलं की वाचणारा दुसऱ्या चांगल्या गोष्टीची वाट बघायला लागतो. आणि तू त्याच्या हातात भाडं ठेवतेस. एकाच गोष्टीबद्दल मत देताना दोन्ही गुण एकाच पारड्यात पडले पाहिजेत, दोन्ही चांगले नाहीतर दोन्ही वाईट. स्टेशनही जवळ, दुकानंही पुष्कळ. किंवा खोलीही लहान, भाडंही जास्त.

मी वाद घातला. मग रडण्याचा दिवस आणि खेळण्याचा दिवस? ती तर उलट टोकं. त्यावर त्या थोडा वेळ विचार करत बसल्या. मला ते फार आवडलं, उत्तर तयार नसताना विचार करणारा शिक्षक. मग म्हणाल्या, तिथं दिवस या एकाच गोष्टीचे दोन वाटे केलेत. आयुष्यात असेही दिवस, तसेही दिवस, दोन्ही मिळून पूर्ण. तिथं तू मत देत नाहीस, पूर्ण चित्र दाखवतेस. घराबद्दल लिहिताना तू मत देते आहेस. मत दोन दिशांना ओढायचं असेल तर 'मो' सोड आणि 'वा' घे: 'एकि वा चिकाइ गा, याचिन वा ताकाइ.' स्टेशन जवळ आहे खरं, पण भाडं जास्त आहे. 'मो' गोळा करतो, 'वा' वेगळं करतो.

हे एका वाक्यात सांगणारं पुस्तक मला तोवर मिळालं नव्हतं. आणि घरी येऊन मराठीत म्हणून बघितलं तर आपलंही तसंच आहे की. 'स्टेशनही जवळ आहे आणि भाडंही जास्त आहे' हे ऐकताना कानाला खडा लागतो. 'ही... ही' लावलं की आपणही ऐकणाऱ्याला एका दिशेला नेत असतो. आणि पुढचा निष्कर्ष बहुतेक वेळा न बोलताच कळतो. पैसाही नाही, सवडही नाही, म्हणजे सहलीला येत नाही. किंमतही कमी, चवही छान, म्हणजे चला तिथंच जाऊ.

काळाचीही एक गोष्ट लाल पेननंच शिकवली. 'बा'च्या रूपात भूतकाळ नसतो. झालेल्या दिवसांबद्दल सांगायचं असलं तरी पहिल्या अर्ध्यात 'आरेबा'च, आणि काळ कळतो शेवटच्या शब्दावर: 'नाकु हि मो आरेबा, वाराउ हि मो आत्ता.' मराठीत आपण दोन्हीकडं 'होते' म्हणतो. जपानीत वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं.

आता जे सांगणार आहे ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

'नारा'चं एक वाक्य सगळ्या पुस्तकांत असतं: 'ओया मो ओया नारा, को मो को दा.' शब्दशः, आईबापही आईबाप आणि मूलही मूल. मला वाटलं, आपलं 'खाण तशी माती'. ते आपण चांगल्यालाही म्हणतो, वाईटालाही. बालवाडीच्या बाझारला, म्हणजे पालकांनी भरवलेल्या जत्रेत, मुलीच्या वर्गातला एक मुलगा आणि त्याची आई भेटली. मुलगा कमरेतून वाकून नमस्कार करून गेला, आईही तशीच नम्र. मी मनापासून म्हटलं, 'ओया मो ओया नारा, को मो को देसु ने.'

तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. तिनं एक-दोन वाक्यं हवापाण्याची बोलली आणि मुलाला घेऊन दुसऱ्या टेबलाकडं गेली.

मंगळवारी सेन्सेईंना सांगितल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. हे वाक्य फक्त निंदेचं आहे. आईबाप असले बेशिस्त, मग मूल कसं निपजणार, असं. वर दुसऱ्याच्या मुलाला नुसतं 'को' म्हणायचंच नसतं, 'ओको-सान' म्हणायचं. स्तुती करायची तर 'कोनो ओया नि शिते कोनो को आरि' म्हणतात, अशा आईबापांच्या पोटी असंच मूल. पण तेही लोक कधी कधी टोमण्यासाठी वापरतात, तेव्हा समोरासमोर बोलायचं असेल तर सरळ छान म्हणावं, असा त्यांचा सल्ला.

दुसऱ्या दिवशी मुलीला सोडायला गेले तेव्हा फाटकापाशी त्या आईला गाठलं. माफी मागितली आणि म्हटलं, 'होमेताकात्तान देसु', मला स्तुती करायची होती. ती क्षणभर बघत राहिली, मग तिनं माझा हात धरला. त्या रात्री तिनं मुलाला जवळ बसवून विचारलं होतं, तू त्या भारतीय मुलीला मारलंस का, तिचं काही घेतलंस का. त्या लहानग्यानं काही केलं नव्हतं. माझ्या एका चुकलेल्या वाक्यानं त्याला उत्तरं द्यावी लागली. पुस्तकातल्या वाक्यापुढं अर्थ लिहिलेला असतो, पण ते कुणाच्या तोंडी शोभतं आणि कुणाला लागतं हे क्वचितच लिहिलेलं असतं. तेव्हापासून नवी रचना शिकले की सेन्सेईंना मी आधी हेच विचारते: हे कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही?

त्या आईबरोबर पुढं ओळख वाढली. आम्ही दोघी मुलांना घेऊन कासाई रिन्काई बागेत जायला लागलो, तिथला मोठा आकाशपाळणा मुलांचा लाडका. तिच्या बोलण्यात मला 'मो... बा... मो' फारसं ऐकू आलं नाही. ती म्हणायची, 'चिकाइ शि, हिरोइ शि', जवळ आहे, मोकळी आहे. बोलताना 'शि' येतो, आणि 'शि'च्या पुढं अजून काही येईल अशी जागा मोकळी राहते. 'बा'ची रचना दोन गोष्टी मांडून दार लावते, जरा लिहिल्यासारखी वाटते. सूचनापत्रकात, वर्तमानपत्रात, बालवाडीच्या वहीत ती शोभते. मी सुरुवातीला बोलताना सगळीकडं 'बा' पेरत होते, ते तिच्याकडं ऐकून ऐकून कमी झालं.

एन-२च्या तयारीत या रचनेनं मला गुणही मिळवून दिले. एक प्रश्न असतो ज्यात चार तुकडे उलटसुलट देतात आणि तारा लावलेल्या जागी कुठला येईल ते विचारतात. सेन्सेईंनी सरावाला दिलेला एक: 'कोनो माचि वा', मग चार जागा, मग 'सुमियासुइ', हे गाव राहायला सोयीचं. तुकडे 'यासुकेरेबा', 'बेन्रि दे', 'कोओत्सुउ मो', 'बुक्का मो'. पूर्वी मी यात पाच मिनिटं घालवायचे. आता 'केरेबा' दिसलं आणि आजूबाजूला दोन 'मो' दिसले की हात आपोआप चालतो: महागाईही कमी, वाहतूकही सोयीची. 'बुक्का मो यासुकेरेबा कोओत्सुउ मो बेन्रि दे.' तारा तिसऱ्या जागी असेल तर 'कोओत्सुउ मो'. शब्दज्ञान, व्याकरण आणि वाचन या सगळ्याला मिळून १०५ मिनिटं असतात, त्यात इथं वाचलेली मिनिटं पुढच्या लांब उताऱ्यांना कामी येतात.

त्या तयारीतच याच घराण्यातली बाकीची मंडळी भेटली. 'नाकु यारा वाराउ यारा', रडणं काय, हसणं काय, नुसता गोंधळ. आपला 'काय' मुळात प्रश्न, आणि त्यांचा 'यारा'ही मुळात 'असेल का' अशा शंकेतून आलेला. आणि पुढच्या पातळीवरची, मला सगळ्यात प्रिय झालेली: 'आजि तो इइ, नेदान तो इइ, मोओशिबुन नाइ.' यातला 'इइ' म्हणजे 'चांगलं' नाही, तो 'इउ' म्हणजे 'म्हणणं' या क्रियापदाचा. चव म्हणा, किंमत म्हणा, नाव ठेवायला जागा नाही. शब्दाला शब्द. हे वाक्य समजायला मला एक क्षणही लागला नाही, कारण माझी आजी लग्नाच्या पंगतीतून उठली की असंच बोलायची. बासुंदी म्हणा, मठ्ठा म्हणा.

६ जुलै २०२५ ला एन-२ दिली. ऑगस्टअखेरीस निकाल लागला. १८० पैकी ९० लागतात आणि तिन्ही भागांत किमान १९. मला ११२ मिळाले. सेन्सेईंनी निकालाचा कागद दोन्ही हातांनी घेऊन वाचला आणि त्यांच्या लाल पेननं कोपऱ्यात हानामारु काढलं, पाकळ्या असलेलं ते गोल फूल, जे इथं पहिलीतल्या मुलांच्या वहीत काढतात.

सप्टेंबरमध्ये उन्हाळ्याची सुट्टी संपून बालवाडी सुरू झाली. मुलगी आता मोठ्या वर्गात, बाई नवीन. वहीत सुट्टीबद्दल पालकांनी दोन ओळी लिहायच्या होत्या. मी शब्दकोश न उघडता लिहिलं: 'नात्सुयासुमि वा हायाओकि सुरु हि मो आरेबा, हिरु मादे नेते इरु हि मो आरिमाशिता.' सुट्टीत लवकर उठायचे दिवसही होते नि दुपारपर्यंत झोपायचेही.

दुपारी वही परत आली. बाईंनी खाली तीन शब्द लिहिले होते. 'वाताशि मो देसु.' मीही.